सीएस फॉर ऑल: हार्वी मडचा फुकट पायथन कोर्स, दोन वर्षं वर्गात वापरून झाल्यावर

आधीच सांगते, रिव्ह्यू मोठा होणारे, कारण नुसतं "छान आहे, करा" एवढं लिहून मला सोडायचं नाहीये. मी एका प्रायव्हेट इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर डिपार्टमेंटला शिकवते, चौदा वर्षं झाली. फर्स्ट इयर संपलं की सुट्टीत आम्ही पोरांसाठी सहा आठवड्यांचा ब्रिज कोर्स घेतो, आणि गेली दोन वर्षं तो मी सगळाच्या सगळा याच्यावर बसवलाय. सीएस फॉर ऑल म्हणजे अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजचा पहिल्या सेमिस्टरचा कॉम्प्युटर सायन्सचा कोर्स, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला. त्याचं पुस्तक नेटवर फुकट वाचायला आहे, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर व्हिडिओंचा कोर्सही त्यांनी केलाय, मी मुख्यतः पुस्तक आणि त्यातल्या असाइनमेंट्स वापरल्या म्हणून बोलणार त्याबद्दलच.

सुरुवात होते पिकोबॉटपासून आणि मला विचाराल तर अख्ख्या कोर्सचा जीव तिथेच आहे. पिकोबॉट हा एक इवलासा रोबो, चौकटी-चौकटींच्या खोलीत सोडलेला, त्याला फक्त एवढंच कळतं की आपल्याला चिकटून चारी बाजूंना भिंत आहे की मोकळं आहे. नकाशा नाही, आपण कुठे आहोत हे माहीत नाही, कुठून आलो ते आठवत नाही, जवळ फक्त एक नंबर असतो, स्टेटचा. आपण नियम लिहायचे, म्हणजे शून्य स्टेटमध्ये आहेस आणि उत्तरेला मोकळं आहे तर एक घर उत्तरेला जा आणि शून्यातच रहा, भिंत लागली तर स्टेट एक कर. अशा नियमांवर त्याच्याकडून अख्खी खोली फिरवून घ्यायची आणि तो कुठल्याही घरातून सुरू झाला तरी काम झालं पाहिजे. पहिल्या तासाला सी भाषेतल्यासारखं ना इन्क्लुड, ना मेन, ना कंपायलरची एरर, पोरं सरळ विचारालाच लागतात.

पहिल्या वर्षी एक मुलगी, घरी शेती, बारावीपर्यंत मराठी मीडियम, स्वतःहून कधी हात वर न करणारी, स्क्रीनकडे बघता बघता म्हणाली, मॅडम हे नांगरल्यासारखंच आहे की, तास काढत जायचं आणि बांधाला आलं की वळायचं. आणि खरंच तसंच आहे! तिनं सगळ्यांच्या आधी रिकामी खोली संपवली. नंतर चक्रव्यूहाची खोली आली, तिथे उजवा हात भिंतीला लावून चालत राहायची युक्ती लागते, तिथे ती दोन दिवस अडकली पण सोडलं नाही. चौदा वर्षांत मी सी शिकवताना पॉइंटरच्या आधी मान टाकणारी पोरं बघितलीत, आणि पहिल्याच दिवशी "हे मला येतंय" असं वाटणं काय करतं ते यावेळी समोर बघितलं.

माझ्या स्वतःच्या कॉलेजची लॅब मला आठवते (कॉलेजचं नाव नको, तेव्हा बहुतेक ठिकाणी असंच होतं). एका पीसीवर चौघं, त्यातला ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे तो कीबोर्ड घेणार, आणि आम्ही मुली मागे उभं राहून जर्नल लिहिणार. अक्षर चांगलं म्हणून. व्हायवाला प्रोग्राम पाठ करून जायचो. थर्ड इयरपर्यंत मी एकही प्रोग्राम स्वतःच्या हातानं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत टाइप केलेला नव्हता आणि मार्क मात्र फर्स्ट क्लासचे. हे सांगायचं कारण, हा कोर्स बरोबर याच दुखण्यावर बोट ठेवतो.

हार्वी मड हे कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटला आहे, १९५५ चं, जेमतेम नऊशेच्या आसपास विद्यार्थ्यांचं छोटं कॉलेज. सायन्स, इंजिनिअरिंग, गणित यासाठी नावाजलेलं. तिथे पहिल्या सेमिस्टरला कॉम्प्युटर सायन्स सगळ्यांना सक्तीचं, पुढे तुम्ही केमिस्ट्री घ्या नाहीतर फिजिक्स. पूर्वी हा कोर्स जावात शिकवायचे आणि कॉम्प्युटर सायन्सला मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून पुढे जाणाऱ्या मुली दहा टक्क्यांच्या आसपास. मग २००६ च्या सुमारास तिथल्या प्रोफेसरांनी तो उचकटून नव्यानं बांधला, जावा काढून पायथन आणलं, कोर्सच्या नावातसुद्धा प्रोग्रामिंगच्या आधी प्रॉब्लेम सोडवणं आणलं. पुस्तकावर चार नावं आहेत, क्रिस्टीन अल्वाराडो, झॅकरी डॉड्स, जेफ क्यूनिंग आणि रॅन लिबेस्किंड-हदास. पाच-सहा वर्षांत मुलींचं प्रमाण चाळीस टक्क्यांवर गेलं, २०१६ ला पास होणाऱ्या बॅचमध्ये तर निम्म्याहून जास्त मुली होत्या.

यातल्या अल्वाराडोबाईंचं काम बघा. एमआयटीतून पीएचडी, हातानं काढलेली आकृती कॉम्प्युटरला कशी समजेल यावर रिसर्च. हार्वी मडला शिकवताना हा कोर्स, आणि फर्स्ट इयरच्या मुलींना ग्रेस हॉपर कॉन्फरन्सला (कॉम्प्युटर क्षेत्रातल्या बायकांचा मोठा मेळावा) घेऊन जायचं यात पुढाकार. नंतर सॅन डिएगोच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात गेल्या आणि तिथे सेकंड इयरच्या पोरांना गटागटानं रिसर्चमध्ये घ्यायचा प्रोग्राम सुरू केला. आपल्याकडे रिसर्च हा शब्द पोरांच्या कानावर येतो तो एमई नाहीतर पीएचडीच्या वेळी.

आणि याच सगळ्या काळात कॉलेजच्या प्रेसिडेंट होत्या मारिया क्लावे. कोर्स त्यांनी लिहिलेला नाही हे स्पष्ट सांगते, कारण बऱ्याच ठिकाणी सगळं श्रेय त्यांनाच देऊन टाकतात. पण त्या २००६ ला आल्या, कॉलेजच्या पहिल्या बाई प्रेसिडेंट, २०२३ पर्यंत राहिल्या, आणि प्रोफेसरांनी जे चालवलं होतं त्याच्या मागे उभ्या राहिल्या. खाली कितीही चांगले शिक्षक असले तरी वरचं माणूस कसं आहे यावर किती अवलंबून असतं हे कॉलेजात नोकरी केलेल्या कुणालाही विचारा.

क्लावे मूळच्या गणिताच्या, १९७७ ची अल्बर्टा युनिव्हर्सिटीची पीएचडी. मग कॉम्प्युटर सायन्समध्ये दुसरी पीएचडी करायला टोरोंटोला गेल्या, ती पूर्ण व्हायच्या आतच तिथे शिकवायची नोकरी मिळाली. नंतर आठ वर्षं आयबीएमची रिसर्च लॅब. अल्गोरिदम शिकवणाऱ्यांना एसएमएडब्ल्यूके हा अल्गोरिदम माहीत असेल, १९८७ चा पेपर, शोर, मोरान, अग्रवाल, विल्बर, क्लावे या पाच आडनावांची पहिली अक्षरं, शेवटचं के त्यांचं. समजा आकड्यांचा एक तक्ता आहे, त्यात प्रत्येक ओळीतला सगळ्यात लहान आकडा खाली येऊ तसा उजवीकडेच सरकतो, मागे कधी येत नाही, आणि मधल्या कुठल्याही ओळी नि रकाने गाळले तरी हे टिकतं. मग प्रत्येक ओळीतला लहान आकडा शोधायला सगळा तक्ता बघावा लागत नाही, खूप थोड्या घरांत काम होतं. मी हा अल्गोरिदम एमईच्या मुलांना शिकवलाय आणि तेव्हा के म्हणजे कोण हे मला माहीत नव्हतं, पाच पुरुष असतील असंच धरून चालले होते. मीच! हे मला फार लागलं.

मग १९८८ पासून व्हँकुव्हरला युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात, आधी कॉम्प्युटर डिपार्टमेंटच्या हेड, पुढे सायन्सच्या डीन. तिथे लहान मुलांना कॉम्प्युटर गेममधून गणित कसं शिकवता येईल यावर मोठा रिसर्च प्रोजेक्ट चालवला, आणि १९९७ ते २००२ सायन्स-इंजिनिअरिंगमधल्या बायकांसाठी असलेली एक खास चेअर, म्हणजे मानाचं प्राध्यापकपद, त्यांच्याकडे होती. २००२ ते २००४ एसीएम या कॉम्प्युटरवाल्यांच्या मोठ्या संघटनेच्या प्रेसिडेंट, २००३ ला प्रिन्स्टनच्या इंजिनिअरिंगच्या डीन. एवढं करून बाई वॉटरकलरची चित्रं काढतात आणि प्रेसिडेंट असताना कॅम्पसवर स्केटबोर्डवरून फिरायच्या.

आणि २०१४ ची गोष्ट, फिनिक्सला त्याच ग्रेस हॉपर कॉन्फरन्समध्ये क्लावे स्टेजवर सत्या नडेलांची मुलाखत घेत होत्या. त्या तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या बोर्डवर होत्या हे लक्षात घ्या, म्हणजे समोर बसलाय तो त्याच कंपनीचा सीईओ. पगारवाढ मागायला संकोच वाटणाऱ्या बायकांनी काय करावं असं विचारलं तर नडेला म्हणाले की मागू नका, सिस्टीमवर विश्वास ठेवा, ते चांगलं कर्म आहे, परत येतं. क्लावेंनी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं की मला हे पटत नाही. आणि स्वतःचं सांगितलं, की प्रिन्स्टनला जाताना पगार ठरवून घ्यायच्या आधीच त्यांनी होकार देऊन टाकला आणि वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या आसपास कमी घेतले. नडेलांनी त्याच दिवशी चूक मान्य केली. कर्म हा शब्द आपल्या घराघरातला, फळाची अपेक्षा करू नकोस हे तर आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्यात पगारपण धरायचा असं बाईला कोण कधी शिकवून जातं कळतसुद्धा नाही. मी इन्क्रिमेंटचा अर्ज अकराव्या वर्षी पहिल्यांदा दिला.

असो, कोर्सकडे येते. पुस्तकाबाहेरची जी गोष्ट मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती म्हणजे बॅचेस पाडायची पद्धत. हार्वी मडमध्ये ज्यांनी आधी कधी प्रोग्रामिंग केलेलं नाही त्यांचं सेक्शन गोल्ड, ज्यांना थोडंफार येतं त्यांचं ब्लॅक, हे दोन्ही कॉलेजचे रंग. म्हणजे कुणी हुशार आणि कुणी ढ असं नाही, आधी हात लावलाय का नाही एवढाच फरक. मी आमच्याकडे सकाळची आणि दुपारची बॅच केली. ज्यांचं बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स होतं किंवा क्लास लावून काही शिकलेत ते दुपारी, बाकी सगळे सकाळी. सकाळच्या बॅचला पहिल्या आठवड्यात जेवढे प्रश्न आले तेवढे मला एरवी अख्ख्या सेमिस्टरला येत नाहीत. कारण "हे तर सोपंय मॅडम, पुढे चला" म्हणणारं वर्गात कुणी नव्हतं.

तसं म्हणणाऱ्यांचं काय करायचं, त्यावरही तिथल्या प्रोफेसरांची एक रीत आहे. जो पोरगा वर्गात सारखा आपलं ज्ञान दाखवतो, अवघड शब्द टाकून प्रश्न विचारतो, त्याला वर्गात झापायचं नाही, बाजूला बोलवायचं, तुझ्याशी बोलायला मला आवडतं पण तुझ्यामुळे बाकीचे दबतात, तर तुझे प्रश्न घेऊन माझ्याकडे वेगळा ये. मी हे दुपारच्या बॅचला दोघांवर केलं. एकाला राग आला, आठवडाभर बोलला नाही. दुसरा रोज कॉलेज सुटल्यावर केबिनला यायला लागला आणि त्याला खरोखर खूप येत होतं, वर्गात त्याला कधी पुरेसं मिळतच नव्हतं म्हणून तो तसं करत होता.

आता पुस्तकाची शिकवण्याची क्रमवारी. इथे माझं आधी भांडण होतं. पिकोबॉटनंतर थेट फंक्शन आणि रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलावणं), लूप (तेच काम फिरून फिरून करणं) पार पाचव्या धड्यात! आपण आयुष्यभर फॉर लूप आधी आणि रिकर्शन शेवटी, तेसुद्धा फॅक्टोरियलपुरतं, असं शिकवत आलो. एचओडी सर पण म्हणाले की उलटं होईल. झालं असं की दुपारच्या बॅचची सीप्लसप्लसवाली पोरंही इथे नवशिकी निघाली, त्यांना लूप येत होता पण "घ्या किंवा सोडा" असा विचार करता येत नव्हता. हा पुस्तकातला फार सुंदर भाग आहे, समजा नाणी वापरून एक रक्कम बनवायची आहे, तर पहिलं नाणं घेतलं तर उरलेलं काम काय आणि सोडलं तर उरलेलं काम काय, एवढे दोनच प्रश्न विचारायचे, बाकी रिकर्शन बघून घेतं. दोन शब्द एकमेकांच्या किती जवळ आहेत, दोन डीएनए किती जुळतात, सगळं याच एका विचारानं सुटतं. तिसऱ्या आठवड्यात पोरं कँटीनमध्ये "घेतलं तर, सोडलं तर" असं बोलताना मी ऐकली.

चौथा धडा कॉम्प्युटर आतून कसा चालतो त्याचा, लॉजिक गेट्सपासून सुरू होऊन हम्म नावाच्या मशीनपर्यंत, हार्वी मड मिनिएचर मशीन. सोळा रजिस्टर, २५६ मेमरीची घरं, सूचना मोजक्याच. ८०८५ मायक्रोप्रोसेसर शिकवलेल्यांना हे बघून बरं वाटेल, किट नाही, केबल नाही, सॉफ्टवेअरमध्येच चालतं, आणि रजिस्टरमध्ये काय चाललंय ते बघत बघत पोरांना कळतं की फंक्शन कॉल म्हणजे नक्की काय, परतीचा पत्ता कुठे ठेवला जातो, स्टॅक कशाला लागतो. आधीच्या धड्यातलं रिकर्शन इथे मशीनच्या पातळीवर उलगडतं. मला स्वतःला स्टॅक एवढा स्वच्छ कुणी दाखवला नव्हता. क्लासेस आणि ऑब्जेक्टचा सहावा धडा मात्र मला ठीकठाक वाटला, घाईत घेतल्यासारखा. शेवटचा कुठले प्रश्न कॉम्प्युटरला सुटतच नाहीत यावर आहे, तो आम्ही वेळ नव्हता म्हणून एका तासात गुंडाळला, पुढच्या वेळी तसं करणार नाही.

तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पहिली म्हणजे भाषा. इंग्रजी सोपं आहे पण पानापानावर विनोद, एलियनच्या गोष्टी, शब्दांचे खेळ, ते मराठी मीडियमच्या मुलांना अडखळवतात. एक मुलगा अर्धा तास एक वाक्य समजून घेत बसला होता आणि तो नुसता जोक होता. मी आता प्रत्येक धड्याची दोन पानी मराठी नोट काढते, त्यात विनोद वगळते. दुसरी, उत्तरं एकत्र कुठे मिळाली नाहीत, म्हणजे शिकवणाऱ्यानं सगळं स्वतः सोडवून जायचं, पहिल्या वर्षी माझ्या रात्री त्यातच गेल्या. तिसरी, पायथन आता बऱ्याच शाळांत शिकवतात, त्यामुळे भाषा सगळ्यांना नवी असल्याचा जो फायदा त्यांना मिळाला असेल तो आता तेवढा राहिला नाही, तो फायदा आता रिकर्शनच देतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्यांचा आणि आपला आजार एक नाही. त्यांच्याकडे मुली कॉम्प्युटरला येतच नव्हत्या. आमच्या वर्गात मुली भरपूर आहेत, काही वर्षी निम्म्याच्या जवळ. आमचा प्रश्न त्या आल्यानंतर सुरू होतो, कीबोर्ड कुणाच्या हातात, प्रोजेक्टमध्ये कोड कोण लिहितं आणि रिपोर्ट कोण, हॉस्टेलची वेळ झाली म्हणून लॅबमधून आधी कोण उठतं. पुस्तक यावर काही करू शकत नाही, ते आपणच करायचं. मी जोड्या लावते आणि दर पंधरा मिनिटांनी कीबोर्ड बदलायचा, घड्याळ लावून, पहिल्या आठवड्यात पोरं वैतागतात नंतर सवय होते. रिपोर्ट आणि कोड दोन्ही दोघांनी अर्धं अर्धं लिहायचं. आणि कॉन्फरन्सचं, तिथे फर्स्ट इयरच्या मुलींना कॉलेज खर्चानं ग्रेस हॉपरला न्यायचे, आमच्याकडे तेवढे पैसे नाहीत, ग्रेस हॉपर भारतातही होते पण तिकडे न्यायचंसुद्धा जमलं नाही अजून. म्हणून मी आमच्याच पास आऊट झालेल्या, कंपनीत काम करणाऱ्या मुलींना शनिवारी बोलावलं, चहा-पोहे, बाकी काही नाही. एकीनं सांगितलं की मी सेकंड इयरला दोन विषयांत केटी घेतली होती, आणि त्यानंतर सकाळच्या बॅचमधल्या मुली तिला तास झाला तरी सोडेनात.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो भाषेसाठी. हार्वी मडसारखा निकाल येईल म्हणून घेऊ नका, ते कॉलेज लहान आहे, निवडून मुलं घेतं, आपल्याकडे एकेका डिव्हिजनला साठ-सत्तर. शिकवणारे असाल तर घ्याच, स्वतः शिकायचं असेल तरी घ्या पण मग जोडीला कुणीतरी शोधा, एकट्यानं तिसऱ्या धड्यात सोडून द्यावंसं वाटतं.

सहा आठवडेच असतील तर पिकोबॉटला पूर्ण एक आठवडा द्या, रिकर्शनला दोन, हम्मला एक, लूपला एक, आणि शेवटचा आठवडा मोकळा ठेवा, त्यात पोरांना स्वतःला हवं ते करू द्या. नांगरणीवाली मुलगी दुसऱ्या वर्षी सकाळच्या बॅचला मला मदतीला होती. तिनं शेवटच्या आठवड्यात वडिलांच्या पाण्याच्या पाळ्यांचं वेळापत्रक काढणारा प्रोग्राम लिहिलाय, कुणाची मोटर किती वाजता, लाइट दिवसाची का रात्रीची, सगळं धरून, आणि आता शेजारचे दोघं तिला त्यांचंपण घालून दे म्हणतायत.